मैदानावरची दुखापत : ढाल शाळेची, खर्च घराचा

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की दवाखान्यातल्या बाकावरची गर्दी बदलते. एरवी तिथे ताप-खोकला, रक्तदाब आणि मधुमेहाची मंडळी बसलेली असतात. या दिवसांत मात्र एक पाय बुटात आणि दुसरा सुजलेला पाय चपलेत अशी चौदा ते एकोणीस वर्षांची मुले मित्राच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत येतात. कोणाचा घोटा मुरगळलेला, कोणाचा गुडघा नारळाएवढा फुगलेला, कोणाच्या कपाळावर टेंगूळ. सोबत बहुधा आई असते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, हाड तर मोडलं नाही ना?" आणि मुलाचा प्रश्नही ठरलेला असतो, "परवा मॅच आहे, खेळता येईल ना?"

या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो कोणीच विचारत नाही. ही दुखापत टळली असती का? आणि टळली नाही, तर तिची किंमत कोण भरणार? आजचा लेख या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

खेळ वाढला, काळजी वाढली नाही

आपला जिल्हा खो-खोचा. सन २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळविणारी सारिका काळे याच मातीतली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही जिंकली, तेव्हा आपल्याकडे झालेला आनंद सर्वांना आठवत असेल. कबड्डी तर गल्लोगल्ली आहेच. या दोघांच्या जोडीला आता फुटबॉलही आला आहे.

फुटबॉल म्हटले की पूर्वी आपल्याला कोल्हापूर आठवायचे. तिथल्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची तोबा गर्दी यांची ख्याती राज्यभर आहे. सन २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबईलाही त्यातले सामने झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य शासनाने शाळाशाळांतून फुटबॉल खेळविण्याची मोहीम काढली. तेव्हापासून आमच्या तेरसारख्या गावांतही मोकळे रान दिसले की दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे मांडून गोल तयार होतो. ही फार चांगली गोष्ट आहे. एका चेंडूवर बावीस पोरे घाम गाळतात, इतका स्वस्त खेळ दुसरा नाही. फिफा या जागतिक संघटनेने २००६ साली केलेल्या मोजणीत जगभरात साडेसव्वीस कोटी लोक हा खेळ खेळतात असे आढळले होते.

परंतु जिथे बावीस जण एकाच चेंडूमागे धावतात तिथे पायाला पाय लागणारच. त्यातून आपली मैदाने कशी, हे वाचकांना सांगायला नको. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, पावसाळ्यात चिखल आणि बारा महिने खडे. निम्म्या मुलांच्या पायात धड बूट नसतात. नडगीला संरक्षण देणारे गार्ड तर दुकानातसुद्धा मागून मिळत नाही. खेळ आपण उचलला, त्याच्यासोबतची काळजी मात्र उचलली नाही.

मुरगळणे म्हणजे किरकोळ नव्हे

फुटबॉलमधील बहुसंख्य दुखापती कमरेखालच्या असतात. त्यात घोटा, गुडघा, मांडीचे मागचे स्नायू आणि जांघ ही मुख्य ठिकाणे. सर्वांत जास्त दिसतो तो मुरगळलेला घोटा. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट दोरी. सुताची दोरी एकदा उसवली की तिला पूर्वीचा पीळ आपोआप येत नाही, तसेच याचे आहे. सूज चार दिवसांत उतरते, पण दोरी सैलच राहते. मग तोच घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो.

घरी काय होते? तेल कोमट करून जोरजोरात चोळतात. ताज्या दुखापतीवर मालीश करणे किंवा शेकणे म्हणजे आतला रक्तस्राव वाढविणे होय. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, रुंद ताणाची पट्टी बेताने बांधावी, ठणका असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. बर्फ थेट कातडीला लावू नये. दुखणे ओसरू लागले की मात्र पाय हळूहळू हलवायला लागावे. महिनाभर खाटेवर पडून राहणेही बरे नव्हे.

हाड मोडले की काय, हे ओळखण्यासाठी कॅनडातील डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपा नियम घालून दिला, तो आजही जगभर वापरला जातो. दुखापत झाल्यावर स्वतःच्या पायाने चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकावर अथवा मागच्या कडेवर दाबल्यास कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावीच. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी किंवा आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे दाबून कळ आली, तरीही हाच नियम.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या भागात अजूनही हाड बसविणाऱ्याकडे धाव घेण्याची रीत आहे. बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलेला हात घेऊन तिसऱ्या दिवशी आलेली मुले मी पाहिली आहेत. बोटे काळीनिळी, थंडगार, संवेदना नाही. अशा बांधणीने रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू कायमचे आखडतात. क्वचित हात कापण्याची वेळ येते. बांधणी कोणाचीही असो, बोटे सुजली, बधिर झाली, निळी पडली किंवा ठणका असह्य झाला, तर सकाळची वाट न पाहता ती सोडवावी आणि रुग्णालय गाठावे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाशी कोवळ्या कूर्चेची पट्टी असते, तिथून हाड वाढते. ही पट्टी म्हणजे भट्टीत न गेलेले मडके. तिला मार बसून दुर्लक्ष झाले तर हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते. तेव्हा "लहान आहे, आपोआप भरून येईल" हे म्हणणे नेहमीच खरे नसते.

"फोटोत काही नाही", पण गुडघा सटकतो

खेळाडूचे आयुष्य बदलून टाकणारी दुखापत गुडघ्याची. गुडघ्याच्या आत फुलीसारखे दोन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा तुटला की खेळाडूला आत 'कट्' असा आवाज झाल्यासारखा वाटतो आणि काही तासांतच गुडघा फुगतो. यातल्या बहुतेक दुखापती दुसऱ्याच्या धक्क्याने होत नाहीत. वेगात धावताना एकदम थांबणे, पाऊल जमिनीत रुतलेले असताना शरीर वळविणे, उडी मारून ताठ पायावर उतरणे, यातून त्या होतात. खो-खोत खांबाला वळसा घेताना आणि कबड्डीत पकडीतून निसटताना हेच घडते. म्हणून हा भाग केवळ फुटबॉलपटूंचा आहे असे समजू नये.

पंचाईत अशी, की क्ष-किरणात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. फोटो चांगला येतो. घरच्यांना वाटते, काही नाही. महिन्याभरात सूज उतरते, मुलगा पुन्हा मैदानात जातो आणि वळताना गुडघा सटकतो. प्रत्येक वेळी सटकताना सांध्यातील गादी थोडीथोडी चुरडली जाते. दोन वर्षांनी रुग्ण येतो तेव्हा अस्थिबंध तर गेलेला असतोच, गादीही गेलेली असते. सबब, फोटो चांगला असूनही गुडघा पहिल्याच दिवशी फुगला असेल, पूर्ण सरळ होत नसेल किंवा जिना उतरताना दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावेच.

मुलींच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण याच खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक आढळते. स्वीडनमध्ये ज्या फुटबॉलपटू मुलींचा हा अस्थिबंध तुटला होता, त्यांची बारा वर्षांनी तपासणी करण्यात आली. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे सरासरी वय होते एकतीस, आणि जवळजवळ निम्म्या जणींच्या गुडघ्यांत संधिवाताची झीज दिसली. जे दुखणे आपण साठीनंतर पाहतो, ते ऐन तिशीत. याचा अर्थ मुलींनी खेळू नये असा मुळीच नाही. मुलींना तयारी न करता मैदानात उतरवू नये, एवढाच आहे.

डोक्याचा मार आणि छातीतली धडधड

डोक्याला डोके आदळले, खेळाडू क्षणभर गोंधळला, पाणी मारले, उठला आणि खेळू लागला. असे आपण नेहमी पाहतो. हे धोक्याचे आहे. मेंदूला हादरा बसला असता बेशुद्धी येतेच असे नाही. स्कोअर किती ते न आठवणे, तोच प्रश्न परत विचारणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, तोल जाणे, ही त्याची लक्षणे. यातले एकही दिसले तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, हा आज जगाचा नियम आहे. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेची गुंगी किंवा झटका आल्यास तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांचे परिणाम तर फार उशिरा दिसतात. इंग्लंडचा नावाजलेला खेळाडू जेफ अॅस्टल २००२ साली वारला. चेंडू डोक्याने मारून मारून मेंदूला झालेली इजा हा त्याच्या धंद्यातला आजार होता, असा निर्वाळा तिथल्या अधिकृत चौकशीत देण्यात आला. सन २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या साडेसात हजारांहून अधिक माजी व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात मेंदूच्या झिजेच्या रोगांनी होणारे मृत्यू सामान्य लोकांपेक्षा सुमारे साडेतीन पट आढळले. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ सालीच दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली. आपल्या प्राथमिक शाळांनीही ही मनाई पाळावी. त्याला एक पैसाही लागत नाही.

आता एक दुःखद प्रसंग. ५ डिसेंबर २००४. बंगळुरू येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने संघाचे दोन्ही गोल केले, आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो जो कोसळला तो उठलाच नाही. वय अवघे पंचवीस. डेम्पोने चषक जिंकला, पण त्याला काय अर्थ उरला? त्याच्या दहा क्रमांकाची बंडी संघाने पुढे कोणाला दिली नाही. मैदानावर वैद्यकीय मदत किती तयार होती, याबद्दल तेव्हा देशभर प्रश्न विचारले गेले. आठ वर्षांनी, २०१२ साली, त्याच बंगळुरूत जिल्हा लीगच्या सामन्यात व्यंकटेश नावाचा तरुण खेळाडू कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती, त्याला रिक्षाने न्यावे लागले आणि तो गेला.

याच्या उलट घटना १२ जून २०२१ ची. युरोपीय स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनला मैदानात अचानक पडला. हृदय बंद. सोबत्यांनी त्याला कुशीवर घेतले, डॉक्टरांनी छातीवर दाब दिले, विजेचा धक्का देणारे यंत्र जागेवर होते. तो वाचला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. तिथे काही मिनिटांत योग्य ते करणारी माणसे जवळ उभी होती, म्हणून हे घडले.

छातीवर दाब द्यायला डॉक्टर असावे लागत नाही. माणूस हाक देत नाही, श्वास नाही किंवा आचके देत असल्यासारखा श्वास आहे, असे दिसले की एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, मदत येईपर्यंत थांबू नये. पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये, भोवती गर्दी करू नये.

खर्च कोणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दुखापतीची किंमत आपण औषधाच्या बिलात मोजतो. प्रत्यक्षात ते बिल सर्वांत लहान असते.

गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या एखाद्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. आधी गावात दाखविणे, मग धाराशिव, मग लातूर किंवा सोलापूर. एमआरआयला काही हजार. खासगीत शस्त्रक्रिया करायची तर खर्च लाखाच्या घरात. सोबत जाणाऱ्या बापाची मजुरी बुडते, आईचे खुरपण बुडते. नंतर काही महिने रोजचा व्यायाम आणि त्यासाठी तज्ज्ञाकडे हेलपाटे. पुन्हा खेळायला नऊ महिने तरी जावे लागतात. घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जाण्याची भीती. या नऊ महिन्यांत दहावी-बारावीची परीक्षा येते.

आणि सर्वांत मोठी किंमत पुढेच आहे. आपल्या भागातील किती मुले-मुली पोलीस भरतीच्या आणि सैन्य भरतीच्या आशेवर पहाटे रस्त्याने धावतात, हे सगळे पाहतात. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर धावावे लागते. कोरडवाहू शेतीवर भागत नाही, म्हणून घरातला एक जण वर्दीत जावा, एवढीच त्या घराची आशा असते. एक सैल गुडघा ती आशा संपवितो. मोबदल्यात घरात काय येते? एक प्रमाणपत्र. ढाल शाळेच्या कपाटात, फोटो वर्तमानपत्रात आणि कर्ज घरात.

यात शिक्षकांना दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. कित्येक शाळांत क्रीडाशिक्षकच नाही. आहेत ते पदरमोड करून मुलांना स्पर्धेला नेतात, हे मला ठाऊक आहे. पण सगळी रचनाच अशी आहे की मुलाला दुखणे लपवावेसे वाटते. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा. योजना चांगल्या आहेत, पण त्यापायी सुजलेला पाय घट्ट बांधून किंवा वेदनाशामक गोळी-इंजेक्शन घेऊन मुले मैदानात उतरतात. वेदना ही शरीराने मारलेली हाक आहे. हाक बंद केल्याने आग विझत नाही. शिवाय उन्हातान्हात पाणी कमी पडलेले असताना अशा गोळ्या वरचेवर घेतल्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुखणे मारून सामना खेळवा, असे मला सांगणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, सामना पुढच्या वर्षीही असतो.

समाजाचेही नुकसान होते. गुडघा दुखतो म्हणून पोरगा खेळ सोडतो, बसून राहतो, वजन वाढते. तिशी-पस्तिशीत मधुमेह आणि रक्तदाब घेऊन तो त्याच बाकावर येतो. खेळाडू हरवला आणि रुग्ण वाढला, असा हा दुहेरी तोटा आहे.

वीस मिनिटांचा उपाय

हे ऐकून कोणी म्हणेल, "मग पोरांना खेळूच देऊ नये." ही तर सर्वांत वाईट चूक ठरेल. दुसरे कोणी म्हणतील, "आम्ही अनवाणी खेळलो, आम्हांला काय झाले?" ज्यांना झाले ते खेळ सोडून गेले. आज बोलायला उरले आहेत ते तगलेले. आणि दुखापत नशिबाची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांना पुढची माहिती सांगावीशी वाटते.

सन २००६ मध्ये फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने तज्ज्ञांच्या मदतीने वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम तयार केला. त्यात पंधरा प्रकार आहेत. आधी सावकाश धावणे व सांधे मोकळे करणे, मग पोट, मांड्या व तोल यांचे व्यायाम आणि उड्या मारून नीट उतरण्याचा सराव, शेवटी वेगाने धावणे व दिशा बदलणे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची पारख झाली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या संघांनी हा क्रम केला त्यांच्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. चौदा वर्षांखालील मुलांसाठीही असाच सोपा क्रम पुढे तयार झाला, त्याचाही गुण आला. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एका पायावर उभे राहणे, दंड-बैठका, लंगडी, बेताच्या उड्या, हे सारे आपल्या तालमीतलेच आहे. आपल्याकडे सामन्यापूर्वी पाहुण्यांच्या सत्काराला अर्धा तास जातो. त्यातले वीस मिनिटे मुलांच्या पायांना द्यावीत, एवढीच विनंती.

आमचे तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळ्यात थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासून कोण पक्के, कोण कच्चे हे काकांनी सांगितल्याची कथा घरोघरी माहीत आहे. कुंभार भट्टीआधी मडके पारखतो, तसे हंगामाच्या आधी प्रत्येक खेळाडूला एकदा पारखून घ्यावे. धावताना कधी चक्कर येऊन पडला का, छातीत दुखते का, घरात कोणी तरुण वयात अचानक गेले का, जुनी दुखापत आहे का, हे चार प्रश्न आणि स्टेथोस्कोपने एक तपासणी. गावातला कोणताही डॉक्टर हे काम आनंदाने करील, मी तर करीनच.

याशिवाय शाळा, मंडळे आणि ग्रामपंचायतींनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. सामन्याच्या ठिकाणी प्रथमोपचार पेटी, रुंद पट्ट्या, स्वच्छ पाणी आणि बर्फ ठेवावा. वाहन आणि चालक आधीच ठरवून ठेवावा.

२. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक व चार मोठी मुले छातीवर दाब देण्याची पद्धत प्रत्यक्ष शिकलेली असावीत.

३. सामन्याआधी मैदानावरचे खडे व काचा वेचाव्यात, खड्डे बुजवावेत. हलविता येणारे लोखंडी गोलखांब जमिनीत पक्के करावेत, त्यांना कोणी लोंबकळू नये. असे खांब अंगावर पडून जगभरात मुले दगावली आहेत.

४. मार्च ते जून सकाळी नऊनंतर सामने ठेवू नयेत. दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे.

५. खरचटलेली जखम साबण-पाण्याने धुवावी, तिच्यात माती किंवा तंबाखू भरू नये. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे का, ते पाहावे.

६. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दात पुन्हा बसू शकतो.

७. गोल केल्यावर कोलांटउड्या मारण्यास मनाई करावी. मिझोराममध्ये २०१४ साली पीटर बियाकसांगझुआला हा तेवीस वर्षांचा खेळाडू अशीच उडी चुकून मानेच्या मज्जारज्जूला इजा झाल्याने वारला.

खर्चाबद्दलही दोन शब्द. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेतून अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास शासन साहाय्य देते. मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी आणि कागदपत्रे वेळेत द्यावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपल्या दुखण्याची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी विचारावे, मगच कर्ज काढण्याचा विचार करावा. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, लातूर-सोलापूरला पूर्वीपासून आहेतच.

माझे मत एवढेच आहे. जी संस्था मुलाला आपल्या नावाची बंडी घालून मैदानात उतरविते, तिने त्याच्या पायाचीही जबाबदारी घ्यावी. गावात स्पर्धेसाठी वर्गणी निघते, मंडप पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, पहिल्या बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढते. या वर्गणीतला दहावा हिस्सा दुखापतीच्या निधीसाठी बाजूला काढावा, त्याचा हिशेब फलकावर लावावा आणि जखमी खेळाडूच्या तपासणीचा व प्रवासाचा पहिला खर्च त्यातून करावा. बक्षीस थोडे कमी झाले तरी मुले खेळायला येतील. पाय गमावलेला मुलगा मात्र बक्षीस वाढवून परत येत नाही. येत्या हंगामाची पत्रके छापण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा, अशी माझी सर्व संयोजकांना कळकळीची सूचना आहे.